सागवानी दार आणि सातवा ड्रायव्हर

आई रोज हजार बिड्या वळायची. संगमनेरात आमच्या गल्लीत घरोघरी हेच काम. पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी त्यांवर पत्र्याचा साचा धरून कात्रीने कापायची, मग तंबाखू भरून वळायची आणि दोऱ्याने बांधायची. कापायचं काम शाळेत जायच्या आधी माझ्याकडे असे. वडील बाजार समितीत हमाल होते. मी नववीत असताना कांद्याची गोणी उचलताना त्यांची पाठ धरली, ती सुटलीच नाही, आणि घर आईच्या दहा बोटांवर आलं. माल घ्यायला बसलेला माणूस मूठभर बिड्या उचलून बाजूला फेकायचा. का फेकल्या हे सांगायचा नाही. आई विचारायची नाही, कारण विचारलं की दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला फाटकी पानं यायची. घरी येऊन ती पुन्हा पाटी मांडीवर घ्यायची आणि मला म्हणायची, तू बस वाचत.

मी बसलो वाचत. बी.सी.एस. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. पदवीची फ्रेम दुकानात काउंटरच्या मागे लावलेली आहे. गिऱ्हाईक ती बघून विचारतं, "हे दुकानाचं लायसन का?" मी हो म्हणतो. बावीस वर्षांत समजावून सांगायचा उत्साह संपला.

माझं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं, आणि त्यातही जुन्या कॉम्प्युटरचं. नवे विकणारे गावात पुष्कळ आहेत. माझ्याकडे येतात ते आठ-दहा वर्षांचे, धुळीने भरलेले, झुरळांनी संसार थाटलेले डबे. त्यातलं निम्मं दुखणं ग्राफिक कार्डाचं, आणि त्यातलंही निम्मं ड्रायव्हरचं. (ड्रायव्हर म्हटलं की समोरचा हसून "पगार किती देता त्याला?" असं विचारतो. हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता बिलात त्याचे वेगळे पैसे लावावेत असं वाटतं.)

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्राफिक कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती पाटी, जी पडद्यावरचं चित्र काढते. ड्रायव्हर म्हणजे त्या पाटीशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारा प्रोग्रॅम. कार्ड तेच असतं. ड्रायव्हर बदलला की तेच कार्ड शहाण्यासारखं वागतं, नाहीतर पिसाळतं.

आता लोकांचा समज असा, की सगळ्यात नवा ड्रायव्हर तो सगळ्यात चांगला. मोबाईलने ही सवय लावली. खाली लाल टिंब दिसलं की बोट जातंच. पण नवा ड्रायव्हर कंपनी नव्या कार्डांसाठी काढते. हा ड्रायव्हर कोणकोणत्या कार्डांना चालतो त्या यादीत जुन्या कार्डाचं नाव काही वर्षं तसंच राहतं, पण त्यावर तपासून कोणी बघत नाही. मग एक दिवस नाव यादीतून जातं. यादीतून जायच्या आधीचा शेवटचा ड्रायव्हरही बहुतेक वेळा हात झटकून टाकलेला असतो. चांगला सापडतो तो मधे कुठेतरी, कार्ड ऐन भरात असताना निघालेला, जेव्हा कंपनीतल्या माणसांच्या टेबलावर तेच कार्ड होतं. तोही सरसकट नाही. त्या कार्डावर तुम्ही काम काय करणार हे आधी विचारावं लागतं. बिलं फाडायची तर काहीही चालेल. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचं तर वेगळा, घरांचे नकाशे काढायचे तर वेगळा. हे विचारलं की गिऱ्हाईक वैतागतं. "तुम्हाला काय करायचंय, तुम्ही लेटेस्ट टाका."

अकोले रस्त्यावरचा एक तरुण ऑनलाइन स्वस्तात मिळालेलं कार्ड घेऊन आला. खोक्यावर नाव नव्या मॉडेलचं, कॉम्प्युटरही तेच नाव वाचत होता, पण ड्रायव्हर टाकला की पडदा काळा. मी कार्डाचा पंखा काढून खालच्या चिपवरचा आकडा भिंगातून वाचला. चिप दहा वर्षं जुनी. कोणीतरी कार्डाच्या आतलं नावच बदलून ठेवलं होतं. मी खऱ्या चिपचा ड्रायव्हर घातला, कार्ड सुरळीत चालू लागलं. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "आणलं तेव्हा नवीन होतं, तुम्ही जुनं केलं." अजूनही तो माझ्या दुकानासमोरून जाताना मान फिरवतो.

एका गुरुजींनी फुकटचा 'ड्रायव्हर शोधून देणारा' प्रोग्रॅम टाकला होता. त्याला त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एकेचाळीस दोष सापडले. गुरुजींनी एकेचाळीसही दुरुस्त करून घेतले आणि मग कॉम्प्युटर सुरूच होईना म्हणून माझ्याकडे आणला. "दोष सगळे गेलेत," ते मला बजावून सांगत होते, "फक्त चालू होत नाही."

पण या सगळ्यांपेक्षा माझा जीव खातो तो दसरा. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. त्यात कॉम्प्युटरही आला. हळदकुंकू, अक्षता, आणि पंख्याच्या जाळीवर बरोबर बेतून बसवलेला झेंडूचा हार. पाकळ्या आत ओढल्या जातात, त्या मी दिवाळीपर्यंत चिमट्याने काढत बसतो. ते एक वेळ परवडलं. खरा उपद्रव पुढचा. दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळं नवं करायचं, या हिशेबात लोक कॉम्प्युटरही नवा करतात. म्हणजे चांगलं चाललेलं सगळं पुसून, जे जे नवं मिळेल ते ते घालतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर जी रांग लागते ती बघून समोरचा चहावाला मला शुभेच्छा देतो.

मी इतरांना एवढा बोलतो, पण तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला ही चूक खुद्द मी केली. तीच सांगायची आहे.

रिबेकाताई साळवे यांची लाकडी नक्षीकामाची शेड गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे आहे. त्यांचे पती सायमनदादा हाडाचे सुतार. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली. त्याआधी एक-दोन वर्षं त्यांनी लाकूड कोरणारं मशीन घेतलं होतं. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं, मग फिरतं पातं लाकडावर ते चित्र उठवतं. नजर गेल्यावर दादा मशीन विकायला निघाले. ताई दहावी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, मला शिकवा. दादांनी तोंडाने सांगायचं, ताईंनी हाताने करायचं, असं करत त्या शिकल्या. देव्हारे, पाळणे, पाट्या अशी बारीक कामं त्या करत होत्या.

त्या वर्षी पठारावरच्या एका गावाने देवळाच्या मोठ्या दाराचं काम त्यांना दिलं. देवळाच्या आवारातली दोन सागाची झाडं उतरवून त्यांचंच दार करायचं होतं. दोन झडपा, चार फळ्या, प्रत्येकीवर मोर आणि वेल. कलशारोहणाचा दिवस ठरलेला होता. त्यांच्या नावावर आलेलं हे पहिलं मोठं काम. देवळाच्या कमिटीचे प्रमुख दगडूअण्णा. अण्णांच्या मनात सुरुवातीपासून शंका. बाई काम करणार, तेही मशीनवर. नाशिककडचा हाताने कोरणारा कारागीर त्यांनी आधीच हेरून ठेवला होता. ताईंकडून एक चूक झाली असती तर लाकूड तिकडे गेलं असतं, आणि पठारावर पुन्हा कोणी ताईंना मोठं काम दिलं नसतं. पठारावर बातमी चालत नाही, पळते.

काम सुरू करायचा मुहूर्त अर्थातच दसरा. कॉम्प्युटरवर एक नजर टाकायला ताईंनी मलाही बोलावलं होतं. ताई सकाळी प्रार्थना करून आल्या, अण्णांनी मशीनला नारळ फोडला, हार घातला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिनेर, आज दसरा हाय. ह्याचं आतलं बी सगळं नवं करून टाका. देवाचं काम जुन्या सामानावर नको."

आता इथे मी नाही म्हणायला हवं होतं. कॉम्प्युटर जुना होता, कार्ड जुनं होतं, आणि सगळं व्यवस्थित चालत होतं. पण चारचौघांत मला इंजिनियर म्हटलं गेलं होतं. मी खुलून गेलो. सगळं पुसून नव्याने भरलं, कार्डाला मिळेल तो सगळ्यात नवा ड्रायव्हर घातला. चित्र इतकं झकास दिसू लागलं की मोराच्या पिसावरची रेघ न् रेघ मोजावी. ताई खूश, अण्णा खूश. आधी कोणता ड्रायव्हर होता हे मी लिहून ठेवलं नाही. माझ्या हाताखाली कोणी असं केलं असतं तर मी त्याला दुकानात उभं केलं नसतं.

पहिली फळी चढवली. दीड-दोन तास मशीन नीट चाललं. मग मोराच्या मानेपाशी आल्यावर पातं एका बाजूला सरकलं आणि तिथून पुढे सगळी नक्षी सरकलेलीच उतरली. मशीनला चूक कळत नाही. ते आपलं चुकीच्या जागेवरून इमानदारीत कोरत राहतं. सायमनदादांनी फळीवरून अंगठा फिरवला, मानेपाशी थांबले आणि म्हणाले, "दीड सूत." सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी पट्टी लावून पाहिलं. दीड सूतच होतं.

देवळाच्या झाडाची एक फळी गेली. उरलेल्या लाकडात जेमतेम चार निघत होत्या, त्यातही एकीला गाठ.

मी काय केलं? मी विजेवर ढकललं. म्हणालो, व्होल्टेज खाली-वर होतंय, स्टॅबिलायझर बसवा. ताईंनी बसवला. भुसा दाबून केलेल्या स्वस्तातल्या एमडीएफच्या तुकड्यावर तीच नक्षी कोरून पाहिली, एकदम नीट आली. मी छाती पुढे काढून गावात परतलो.

दोन दिवसांनी अण्णा बघायला आले. ताईंनी त्यांच्यासमोर पुन्हा एमडीएफवर कोरायला घेतलं, मीही होतो. मशीन चालू असताना ताईंनी कौतुकाने पडद्यावरचं चित्र माउसने गोल फिरवून अण्णांना मोर चारी बाजूंनी दाखवला. आणि त्याच वेळी पातं सरकलं. या वेळी दादांच्या अंगठ्याची गरज नव्हती, सगळ्यांना दिसलं.

अण्णा काही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पन लाकूड देवळाचं हाय. सोमवारी टेम्पो पाठवतो. ऱ्हायलेलं लाकूड भरून द्या."

ते गुरुवारी बोलले. म्हणजे ताईंच्या हातात तीन दिवस.

अण्णा गेल्यावर ताईंनी मशीनवरचा भुसा झाडला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू? मी चित्र फिरवलं की मशीनचा आवाज बदलतो."

मी म्हणालो, "ताई, पडद्याचा आणि मशीनचा काय संबंध? पडदा वेगळा, मशीन वेगळं."

"मला संबंध माहीत नाही. आवाज बदलतो एवढं माहीत आहे. मागच्या वेळी सागाची फळी गेली तेव्हा पण मी मान कुठवर आली ते मोठं करून बघत होते. तुम्ही घरी नेऊन तपासा म्हणत नाही. तुम्ही इथे उभे राहा आणि ऐका."

त्यांचा स्वर चढलेला नव्हता. तरी मला ते लागलं, कारण मी पदवीधर आणि त्या मला माझंच काम समजावत होत्या. पण मी उभा राहिलो. त्यांनी रिकामं मशीन हवेत फिरवायला लावलं, पातं लाकडाला न लावता. मोटारींचा एकसारखा गुणगुणता आवाज. त्यांनी माउसने चित्र फिरवलं. आवाजात खरखर आली, जणू कोणी गाणाऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला. चित्र थांबवलं, आवाज पूर्ववत झाला. पुन्हा फिरवलं, पुन्हा खरखर. दादा खुर्चीतून म्हणाले, "मी तर पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. मला वाटलं, इंजिनियरला पण ऐकू येत असेल."

संबंध आहे, आणि तो मला माहीत असायला हवा होता. त्या जुन्या मशीनला कॉम्प्युटर एका लांबट पोर्टातून हुकूम देतो, पूर्वी प्रिंटरला असायचा तो. एक हुकूम म्हणजे मोटारीचं एक बारीक पाऊल. सेकंदाला हजारो पावलं, आणि सगळ्यांतलं अंतर सारखं हवं. नवा ड्रायव्हर चित्र देखणं करायला आणि वीज वाचवायला सतत कार्ड झोपवतो आणि उठवतो, आणि दर वेळी एक क्षण सगळा कॉम्प्युटर अडवून धरतो. आपल्याला तो क्षण कळत नाही. मोटारीला कळतो. तिची पावलं चुकतात, आणि चुकली ती चुकलीच. पहिली चाचणी नीट आली, कारण त्या वेळी ताई पडद्याला हात न लावता शांत बसल्या होत्या. दोष विजेचा नव्हता, लाकडाचा नव्हता, ताईंचा तर नव्हताच. दसऱ्याला मी घातलेल्या ड्रायव्हरचा होता.

नवा कॉम्प्युटर घ्यावा तर त्याला तो पोर्ट येत नाही. मशीनचं सगळं डोकं बदलायचं तर महिना-दीड महिना. मशीनला हा कॉम्प्युटर जोडून देणारा पुण्याचा माणूस धंदा सोडून कुठे गेला होता, कोण जाणे. फोन लागत नव्हता. कार्डाचा ड्रायव्हर काढून कॉम्प्युटरचा साधा, अंगचा ड्रायव्हर ठेवला तर मोटारी सुतासारख्या सरळ चालत होत्या, पण मग नक्षीचा प्रोग्रॅम चित्र काढायलाच तयार नव्हता. खोलगट-उंच काही दिसत नव्हतं, सगळं सपाट राखाडी. ताईंना दोन्ही हवं होतं: मोरही दिसायला हवा आणि पाऊलही चुकायला नको. असा एक ड्रायव्हर या कॉम्प्युटरवर दसऱ्यापर्यंत होता, आणि मीच तो पुसला होता.

शुक्रवारी सकाळी मी दुकानाला कुलूप लावलं आणि शेडवर जाऊन बसलो. जुने ड्रायव्हर मिळवणं हे स्वतंत्र दुखणं आहे. कंपनी जुने काढून टाकते. इतर साइटवर गेलं की पडद्यावर चार हिरवी बटणं, चारही 'डाउनलोड' म्हणणारी, त्यातली तीन खोटी. एकावर बोट पडलं की कॉम्प्युटरला आणखी एकेचाळीस दोष. मी त्या कार्डाच्या वयाचे सात ड्रायव्हर जमवले. प्रत्येकासाठी तोच विधी. आधीचा मुळासकट काढायचा, नुसता काढला तर मागे तुकडे राहतात आणि नव्याशी भांडतात. मग कॉम्प्युटर बंद-चालू, इंटरनेटची वायर उपसलेली, नाहीतर तो आपल्या मनाने पुन्हा नवाच ओढून आणतो. मग घालायचा, मग तपासायचा. तपासायला एक छोटा प्रोग्रॅम मिळतो, तो पडद्यावर उभ्या पट्ट्या काढत जातो. पट्टी हिरवी म्हणजे हुकमांची वाट मोकळी, लाल म्हणजे कोणीतरी वाट अडवली.

पहिल्याला लाल. दुसऱ्याला लाल. तिसऱ्याला हिरव्या, मी ताईंना हाक मारली, त्यांनी चित्र फिरवलं आणि मोराची चोच पोटातून बाहेर आली. चौथा बसलाच नाही. त्यात लाइट गेली, ती दुपारनंतर आली. पाचव्याला पुन्हा लाल. शनिवारी सहावा घातला. पट्ट्या हिरव्या, चित्र चांगलं. मला वाटलं मिळाला. ताईंनी मान हलवली. "आवाज येतोय." मी म्हणालो, पट्ट्या हिरव्या आहेत. त्या म्हणाल्या, "तुमच्या पट्ट्यांना लाकूड कापायचं नाहीये." मी चिडून अर्धा तास प्रोग्रॅम तसाच चालू ठेवला. तेविसाव्या मिनिटाला एक लाल पट्टी उठली. एकच. एका मोराला तेवढी पुरे होती.

रविवारी ताई उपासना आटोपून आल्या तेव्हा मी सातवा घालत होतो. कार्डाच्या शेवटच्या ड्रायव्हरपेक्षा दोन वर्षं आधीचा. त्याच्या सोबतचं बाकी काही घातलं नाही. कार्डाची वीज बचत बंद केली, प्रोग्रॅमच्या खिडक्या उघडता-मिटताना पडद्यावर दिसणारी सजावट बंद केली. एक तास पट्ट्या पाहिल्या. ताईंनी पट्ट्यांकडे पाहिलंही नाही. मशीनजवळ स्टूल घेऊन, डोळे मिटून बसल्या, उजव्या हाताने माउस फिरवत. तास झाल्यावर डोळे उघडून म्हणाल्या, "हा."

पण अण्णांना हे सांगायचं कसं? टेम्पो सोमवारी येणार होता. ताई म्हणाल्या, मी फोन करते. मी म्हणालो, नको, मी जातो. मोटारसायकल काढून घाट चढलो. अण्णा गोठ्यापाशी होते. मी त्यांना सरळ सांगितलं.

"अण्णा, चूक माझी आहे. ताईंची नाही, मशीनची नाही. दसऱ्याला मी जे नवं घातलं त्यानं बिघडलं. आता जुनं घातलंय, नीट चालतंय."

अण्णांनी वैरणीची पेंढी खाली ठेवली. "म्हंजी नवं घातलं म्हून बिघडलं?"

"हो."

"आन् जुनं घातल्यावर सुदारलं?"

"हो."

अण्णा म्हणाले, "नवं घाल म्हनून मीच म्हनलो हुतो. पन मी काय शिकल्याला हाय व्हय? तू शिकल्याला ना?"

मला आजवर गिऱ्हाइकांनी खूप काही ऐकवलंय. अडाणी म्हटलंय, लुटारू म्हटलंय. त्यातलं मी काहीही लक्षात ठेवलेलं नाही. हे वाक्य मात्र लक्षात आहे. मी एवढंच म्हणालो, "उद्या टेम्पो पाठवा, पण तुम्ही पण या त्यात. तुमच्यासमोर कोरून दाखवतो. चुकलं तर लाकूड भरून न्या."

सोमवारी अण्णा टेम्पोत पुढे बसून आले. टेम्पोवाल्याला त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं नाही. ताईंनी बाभळीची एक फळी चढवली, पूर्ण मोराची नक्षी लावली आणि मशीन सुरू केलं. मग त्या पडद्यासमोर बसल्या आणि चित्र फिरवायला लागल्या. गोल, उलट, मोठं, बारीक. मुद्दाम. मी पट्ट्यांचा प्रोग्रॅम उघडायला हात पुढे केला तर ताईंनी तो बाजूला सारला. अण्णा आधी उभे होते, मग स्टुलावर बसले, मग कोणीतरी जाऊन टेम्पोचं इंजिन बंद केलं. मान आली, मान गेली. पिसारा सुरू झाला. ताईंचा हात माउसवर थांबत नव्हता.

फळी उतरवली. ताईंनी ती अण्णांकडे न देता सायमनदादांच्या मांडीवर ठेवली. दादांनी चोचीपासून शेवटच्या पिसापर्यंत अंगठा फिरवला. पुन्हा उलटा फिरवला. अण्णा वाकून त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"अण्णा," दादा म्हणाले, "तुमचा हात द्या." आणि अण्णांचा अंगठा धरून त्यांनी तो मानेच्या रेघेवरून सरकत नेला.

अण्णा उठून टेम्पोवाल्याकडे गेले. "जा तू. लाकूड हितंच ऱ्हाईल." जाताना मला म्हणाले, "इंजिनेर, पुढच्या दसऱ्याला ह्याला फकस्त हार घालायचा. आतलं काय करायचं न्हाई."

गाठ असलेल्या फळीवर ताईंनी गाठीला मोराचा डोळा केला. ही कल्पना त्यांची, मशीनची किंवा माझी नाही. वाया गेलेली फळी मी दुकानात मागून आणली. ड्रायव्हर 'लेटेस्ट टाका' म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला मोराची मान दाखवतो. बहुतेकांना काही कळत नाही. ते विचारतात, ही विकायची आहे का.

सातव्या ड्रायव्हरचा नंबर ताईंनी शेडच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहिला आहे. त्या कॉम्प्युटरला इंटरनेटची वायर नाही. आजही कोणी ना कोणी सांगून जातं की ताई, हे फार जुनं झालं, नवं करून घ्या. ताई त्यांना चहा देतात.

दार कलशारोहणाच्या चार दिवस आधी बसलं. त्यानंतर रिबेकाताईंनी त्याच मशीनवर, त्याच कार्डावर आणखी पाच देवळांची दारं आणि एका चर्चची वेदी कोरली. एकही फळी वाया गेली नाही.